तो लांडगा आणि ती मणिमेकलै

२००८ मध्ये स्टेफनी मायरच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतला चौथा भाग, ‘ब्रेकिंग डॉन’, बाजारात आला आणि मालिकेवर जीव टाकणाऱ्या वाचकांमध्येच जुंपली. भांडणाचं कारण होतं जेकब. हा तरुण लांडगा होऊ शकतो. आधीच्या भागांत तो नायिकेसाठी झुरत होता. या भागात नायिकेच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर त्याची नजर पडते आणि ही आपली जन्माची जोडीदार, अशी खूणगाठ त्याच्या आत कायमची बसते. मुलगी मोठी होईपर्यंत तो केवळ राखणदार असणार, असं लेखिका बजावून सांगते. काही वाचकांना तेवढं पुरलं. उरलेल्यांनी विचारलं, की त्या पोरीला कोणी काही विचारलं का?

रूप पालटणाऱ्या प्रियकरांच्या कादंबऱ्या हा इंग्रजी पुस्तकबाजारातला एक भरभक्कम कोपरा आहे. नायक कधी लांडगा, कधी बिबट्या, कधी अस्वल. फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या नलिनी सिंग यांनी २००६ मध्ये ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’पासून एक आख्खी मालिका सुरू केली. तिच्यात बिबट्यांची आणि लांडग्यांची कुळं माणसांच्या शहरांशेजारी नांदतात. त्याच वर्षी पॅट्रिशिया ब्रिग्ज यांनी ‘मून कॉल्ड’मध्ये उलटा डाव टाकला: तिथे कोयोटीचं रूप घेते ती नायिका, आणि पोटासाठी ती गाड्यांच्या दुरुस्तीचं गॅरेज चालवते. अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या बायका खुळ्या असतात हा समज मला मुळीच मान्य नाही. त्यांच्या चर्चा नीट ऐकल्या तर त्या जनावराबद्दल क्वचितच बोलतात. बोलतात त्या तीन गोष्टींबद्दल. जनावराला खोटं बोलता येत नाही, म्हणून त्याच्या ओढीवर विश्वास ठेवता येतो, हा एक पक्ष. नियतीनंच जोडी लावली म्हटल्यावर तो सोडून जाणार नाही, ही हमी, हा दुसरा. आणि तिसरा पक्ष वैतागलेल्यांचा. कळपाचा म्होरक्या म्हणून हा इसम दार अडवतो, हुकूम सोडतो, मत्सरानं गुरगुरतो, आणि याला आम्ही प्रेम म्हणायचं?

तिसऱ्या पक्षाच्या बाजूनं विज्ञानही उभं राहिलं आहे, ही गंमत या चर्चांत फार कमी वेळा येते. कळपात एक ‘अल्फा’ असतो ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाच्या १९४७ च्या निरीक्षणांतून आली, आणि ती निरीक्षणं पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची होती. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथानं ती जगभर पसरवली. पुढे मेक यांनी रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं माग काढला आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. म्होरक्या लढून जागा मिळवत नाही. तो बाप असतो, एवढंच. कादंबऱ्यांतला गुरगुरणारा नायक त्यामुळे रानातला उरत नाही, तो कोंडवाड्यातला ठरतो.

आता तंजावरला जाऊ. दिवाळी अंकाच्या वाचकाला तंजावर म्हटलं की सरफोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतात, आणि ते बरोबरच आहे. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात घेतलेलं हे राज्य १८५५ पर्यंत भोसल्यांकडे होतं, आणि तिथल्या ग्रंथालयात आजही तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितं आहेत. पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भोसले पोचले त्याच्या कितीतरी आधीपासून एक प्रश्न घोळवला जात होता, आणि नंतरही घोळवला गेला. तमिळमध्ये, तेलुगूत, संस्कृतात आणि आपल्या मराठीत. समोर आलेलं रूप त्याचं नसेल, तर त्या प्रेमाचं काय करायचं? माझं म्हणणं असं, की लांडग्यांच्या कादंबऱ्यांवर आज जे मुद्दे काढले जातात ते सगळे इथे आधीच काढून झाले होते, आणि एका ठिकाणी तर ते आजच्यापेक्षा बरंच पुढे नेले गेले.

सुरुवात मुरुगनपासून करावी लागते, कारण मराठी माणसाला तिथे पहिली ठेच लागते. आपल्याकडचा कार्तिकेय कडक ब्रह्मचारी. बायकांनी त्याचं दर्शन घ्यायचं नाही, कार्तिकी पौर्णिमेचा काय तो अपवाद. तमिळ देशात हाच देव दोन बायकांचा नवरा, आणि दुसरीसाठी त्यानं केलेल्या उचापती तर लहान पोरांनाही पाठ. कुंभकोणमजवळचं स्वामिमलै हे त्याच्या सहा मोठ्या ठाण्यांपैकी एक, तंजावरपासून फार लांब नाही. वल्ली ही व्याधांच्या मुखियाकडे वाढलेली मुलगी. तिनईच्या, म्हणजे राळ्याच्या शेतात माचाणावर बसून ती पाखरं हाकते. मुरुगन आधी शिकारी होऊन येतो. तिच्या घरचे आले की वेंगै झाड, म्हणजे आपला बिबळा, होऊन उभा राहतो. मग जख्ख म्हातारा होतो, मध आणि राळ्याचं पीठ मागून खातो, पाणी मागतो, आणि तरीही डाळ शिजत नाही तेव्हा भावाला हाक मारतो. गणपती रानहत्ती होऊन धावून येतो आणि घाबरलेली वल्ली म्हाताऱ्याला बिलगते.

कच्चियप्प शिवाचार्यांच्या ‘कंदपुराणा’त ही कथा भक्तीनं येते. शंकरदास स्वामींच्या ‘वल्ली तिरुमणम्’ नाटकात ती रंगभूमीवर आली आणि तमिळ गावोगाव रात्र रात्र चालली. त्या नाटकात वल्ली शिकाऱ्याशी चांगली तोंडाला तोंड देऊन भांडते, आणि प्रेक्षक थांबतो तो त्या वादावादीसाठी. हत्ती येईपर्यंत ती प्रत्येक रूपाला नकार देते. म्हातारा किंवा शिकारी म्हणून तो तिला जिंकू शकत नाही. जिंकतो ते फसवून, आणि खरं रूप दाखवल्यावर मगच ती हो म्हणते. आजची वाचक इथे नेमकी अडखळेल आणि विचारेल, की हत्ती घालून घाबरवणं याला होकार म्हणायचं का. अडखळावंच.

हीच कथा जेजुरीत आहे, हे गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आपल्या नजरेला आणून दिलं. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा घरंदाज लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची; मुरुगनची पहिली देवसेना इंद्राची मुलगी, दुसरी वल्ली व्याधाची. म्हाळसेशी सारीपाट हरून खंडोबा वनवास पत्करतो आणि म्हाताऱ्या गड्याचं रूप घेऊन बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहतो. मेंढरं मारतो आणि मग तीच जिवंत करून देण्याच्या बोलीवर बाणाईला मागतो. वाघ्या-मुरळींनी ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या गायली, धनगरी ओव्यांत ती आहेत. दोन्हीकडे देवाला रानातली मुलगी हवी असते आणि तिच्या दारात देव म्हणून जायची त्याची छाती होत नाही. मला या कथांचं हेच आवडतं. लांडग्यांच्या कादंबऱ्यांत रूप पालटलं की नायकाचा दरारा वाढतो. इथे रूप पालटलं की देव नोकर होतो, म्हातारा होतो, पाणी मागतो.

वल्लीच्या जातकुळीतली ‘कुरत्ती’, म्हणजे हात बघून भविष्य सांगणारी डोंगरची बाई, तंजावरच्या दरबारात फार लाडकी होती. विरहिणी नायिकेचा हात बघून ‘तो येईल’ म्हणणारी कुरत्ती जिच्यात असते, ती कुरवंजी. सरफोजीराजांवरच कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकरांनी तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली, तिच्यात नायिका राजासाठी झुरते, आणि ती बृहदीश्वराच्या देवळात नाचून दाखवली जाई. राजेसाहेबांनी स्वतः मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली. तिच्यात कुरवंजी इंद्राणीला प्रेमाचं भविष्य सांगते आणि त्याबरोबर जगाचा भूगोलही: खंडं, देश, समुद्र. शृंगाराच्या साच्यात भूगोल ओतणारा राजा जगात दुसरा कोणी झाला असेल असं वाटत नाही.

नळ-दमयंती तर आपल्याच घरातली. रघुनाथ पंडितांचं ‘नलदमयंतीस्वयंवराख्यान’ मराठी आख्यानकवितेतलं मानाचं पान, आणि काही अभ्यासक त्याच्या कर्त्याचा संबंध थेट तंजावरशी जोडतात. त्याआधी, भोसल्यांपूर्वीच्या नायक राजांच्या काळात, रघुनाथ नायक या राजकवीनं तेलुगूत नळचरित्र लिहिलंच होतं. म्हणजे एकाच प्रदेशात, निरनिराळ्या भाषांत, ही कथा पुन्हा पुन्हा ऐकली जात होती. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांचं मराठी कीर्तन तंजावरात रुजलं आणि कृष्ण भागवतरांनी (१८४१–१९०३) त्यातून तमिळ हरिकथेला आजचा घाट दिला. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ भागवतरांच्या तोंडी बसले ते तेव्हापासून.

या कथेत रूप दोनदा पालटतं, आणि दोन्ही वेळा परीक्षा दमयंतीची असते. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसतात. पाच नळांतला खरा कोणता? महाभारत सांगतं की देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. दमयंती घामेजलेला, धूळ लागलेला, सावली पडणारा निवडते. शंभर कादंबऱ्यांत मी वाचलेल्या निवडींपेक्षा ही निवड मला मोठी वाटते, कारण चौघेही दिसायला तोच, शिवाय अमर. तिला हवा आहे तो मरणारा. पुढे कर्कोटक नाग नळाला दंश करतो आणि तो कुरूप बाहुक होतो. तेव्हा डोळ्यांचा उपयोग नाही. दमयंती दासीला पाठवून त्यानं रांधलेलं अन्न मागवते, चव घेते आणि ओळखते. मग मुलांना त्याच्याकडे पाठवते आणि तो रडतो का ते बघते. आजच्या कादंबऱ्यांत नायक नायिकेला वासावरून ओळखतो. इथे ओळखायचं काम तिचं आहे, आणि ती ते पुरावे गोळा करत, घाई न करता करते.

तमिळ देशात नळाला पछाडणारा कली मागे पडला आणि त्याच्या जागी शनी आला. कारैकालजवळच्या तिरुनळ्ळार इथे नळतीर्थात बुडी मारून नळाची पीडा सुटली अशी श्रद्धा आहे, म्हणून शनीच्या फेऱ्यातली माणसं तिथे अंघोळीला रीघ लावतात. हे कारैकाल १७३९ मध्ये तंजावरच्या राज्यातून फ्रेंचांकडे गेलं आणि आज ते पुदुच्चेरीत मोडतं.

नागांचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण नागिणीवर आपल्याकडे सिनेमे आणि मालिका इतक्या झाल्या आहेत की काही नवं सांगायचं उरलं नाही. पण दोन गोष्टी सोडवत नाहीत. रघुनाथ नायकाच्या दरबारातल्या चेमकूर वेंकटकवीचं ‘विजयविलासमु’ हे तेलुगू काव्य अर्जुनाच्या लग्नांवर आहे, आणि त्यातलं एक लग्न नागकन्या उलूपीशी. पाण्याखाली ओढून नेते ती. मागणीही तीच घालते. तिचा मुलगा इरावान, तमिळांचा अरवान, युद्धापूर्वी बळी जाणार असतो आणि लग्न न होता मरायला तयार नसतो. एका रात्रीसाठी कोणती मुलगी विधवा व्हायला पुढे येणार? म्हणून कृष्ण मोहिनी होऊन त्याच्याशी लग्न लावतो आणि दुसऱ्या दिवशी बाईसारखा रडतो. कूवागम गावात चैत्रात कूत्ताण्डवरची यात्रा भरते, तेव्हा तमिळनाडूभरच्या तृतीयपंथी स्त्रिया अरवानच्या नावानं मंगळसूत्र बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ते तोडतात. रूपांतराच्या प्रेमकथेवर आपलं आयुष्य बेतलेले वाचक कुठे असतील तर ते इथे.

दुसरी गोष्ट गिरीश कार्नाडांच्या ‘नागमंडल’ची, १९८८ ची. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कन्नड लोककथेवरचं हे नाटक. दिवसा दुष्ट वागणाऱ्या नवऱ्याच्या रूपात रात्री नाग येतो आणि राणीवर प्रेम करतो. तिला कळलेलं असतं का? या एका प्रश्नावर प्रयोगानंतर घरी जाताना नवरा-बायकोत तट पडतात, हे मी पाहिलं आहे. नवरे बहुतेक म्हणतात, नाही कळलं. बायका गप्प बसतात.

आता तंजावरचं खरं उत्तर. त्यासाठी कावेरीच्या मुखाशी जावं लागतं, पुहारला. चोळांचं हे बंदर आज पूम्पुहार म्हणून ओळखलं जातं. १९९१ पर्यंत ते तंजावर जिल्ह्यात होतं, आता मयिलाडुतुरै जिल्ह्यात आहे. शीत्तलै सात्तनार यांचं ‘मणिमेकलै’ हे बौद्ध महाकाव्य इथे घडतं, बहुधा सहाव्या शतकाच्या आसपास रचलेलं. नायिका माधवी या नर्तकीची मुलगी. चोळ राजपुत्र उदयकुमार तिच्यामागे वेडा झालेला. आणि तिचंही मन त्याच्याकडे ओढ घेतं, हे कवी लपवत नाही.

एक देवी तिला उचलून एका बेटावर नेते आणि तिथे तिला मागच्या जन्माची आठवण येते. उदयकुमार त्या जन्मी तिचा नवरा राहुल होता. बघा, ही तर तंतोतंत नियतीनं नेमलेली जोडी. लांडग्यांच्या कादंबरीत एवढं कळलं की पुढचं सगळं ठरून गेलं. नायिकेच्या विरोधाला अर्थ उरत नाही, वाचकही निर्धास्त होतो. सात्तनार इथून उलट्या दिशेला वळतात. मागच्या जन्माची ओढ आहे, म्हणूनच ती तोडायची. देवी तिला तीन मंत्र देते: रूप बदलण्याचा, आकाशातून जाण्याचा आणि भूक सोसण्याचा. पुढे तिला अमुदसुरभी हे कधीही रितं न होणारं भिक्षापात्र मिळतं, त्यात पहिली भिक्षा आदिरै नावाची साध्वी घालते, आणि मणिमेकलै गावातल्या भुकेल्यांना जेवू घालत सुटते. त्यांतली एक कायचंडिकै, एका ऋषीच्या शापानं बारा वर्षं हत्तीची भूक सोसणारी विद्याधरी. तिची भूक भागते आणि ती आपल्या लोकी परत निघते.

उदयकुमार पाठ सोडत नाही. तेव्हा मणिमेकलै मंत्र म्हणते आणि कायचंडिकै होते. त्या रूपात ती तुरुंगात जाऊन कैद्यांना जेवायला घालते, राजाला सांगून तुरुंगाचं धर्मशाळेत रूपांतर करवते. रूप पालटण्याची शक्ती हातात आल्यावर तिनं केलेली पहिली कामं ही. तेवढ्यात खऱ्या कायचंडिकैचा नवरा, कांचन नावाचा विद्याधर, बायकोला शोधत येतो. बायको समोर आहे, पण त्याला ओळखत नाही, आणि एका परक्या राजपुत्राशी बोलते आहे. वास्तविक ती राजपुत्राला एका म्हातारीकडे बोट दाखवून सांगत असते, की हे केस काळे होते, हे दात मोत्यासारखे होते. कांचनला ते ऐकू येत नाही, त्याला फक्त दिसतं. मध्यरात्री उदयकुमार पुन्हा येतो आणि कांचन त्याला तलवारीनं कापतो. खांबात कोरलेली देवता मग खरं काय ते सांगते, आणि तेही सांगते की खरी कायचंडिकै वाटेत विंध्य पर्वतावरच्या देवीच्या पोटात गेली.

दुसऱ्या कोणत्याही कवीनं रूपांतर हा पळून जायचा सोपा मार्ग ठेवला असता. सात्तनारांनी त्याची किंमत मांडली: घेतलेल्या रूपालाही कोणी नवरा असतो, त्याचा मत्सर असतो, आणि त्यात तिसराच माणूस मरतो. मणिमेकलै त्या प्रेताशेजारी रडते, मागच्या जन्मीचा नवरा म्हणून रडते. देवता तिला आवरते.

पुढचा प्रसंग मी कुठल्याही आधुनिक कादंबरीत वाचलेला नाही. मुलाच्या मरणानं पेटलेली राणी मणिमेकलैला महालात ठेवून घेते. तिला वेड लागावं म्हणून औषध देववते. ते चालत नाही तेव्हा एका तरुणाला पैसे देऊन तिच्यावर सोडते. आणि मणिमेकलै पुरुष होते. तो तरुण समोर पुरुष बघून घाबरतो आणि गाव सोडून पळतो. मग राणी तिला उपाशी ठेवते, आणि तिसरा मंत्र कामी येतो. शेवटी शरण येते ती राणीच. लांडगा होणाऱ्या नायकांच्या कादंबऱ्यांवर तिसऱ्या पक्षाची वाचक जी तक्रार करते, की रूपाची ताकद कायम त्याच्याच हातात का, तिला इतकं जुनं आणि इतकं थेट उत्तर दुसरं मला ठाऊक नाही.

हे काव्य छापून आलं त्याची हकिगतही तंजावरचीच. उ. वे. स्वामीनाथ अय्यर १८५५ मध्ये तंजावर जिल्ह्यात जन्मले आणि १८८० पासून कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवत होते. तिथल्या एका न्यायाधीशानं, सेलम रामस्वामी मुदलियारांनी, त्यांना विचारलं की ‘जीवक चिंतामणी’ वाचलंय का. वाचलेलं नव्हतं. त्या एका प्रश्नानं त्यांचं आयुष्य बदललं. गावोगाव हिंडून त्यांनी वाळवी लागलेली ताडपत्रं गोळा केली: ‘चिंतामणी’ १८८७, ‘शिलप्पदिकारम’ १८९२, आणि ‘मणिमेकलै’ १८९८. शेवटच्यावर ते बराच काळ अडकले होते. शब्द कळत होते, मतलब कळत नव्हता, कारण तमिळ देशात बौद्ध उरलेच नव्हते. कॉलेजातले सहकारी रंगाचार्य यांनी त्यांना ग्रंथ बौद्ध आहे हे दाखवून दिलं आणि बौद्ध मतं समजावून सांगितली. शैव संस्कारात वाढलेला एक ब्राह्मण शिक्षक एका भिक्षुणीच्या काव्यासाठी वैष्णव सहकाऱ्याकडून बौद्ध धर्म शिकतो आहे, असे ते कुंभकोणमचे दिवस होते. असे वाचक मिळायलाही पुस्तकाचं नशीब लागतं.

मराठीतली रूपांतराची सगळ्यांत खपाऊ प्रेमकथा कोणती, असं विचारलं तर मी बिनदिक्कत ‘गाढवाचं लग्न’ म्हणेन. हरिभाऊ वडगावकरांचं वगनाट्य, प्रकाश इनामदारांनी गाजवलेलं, २००७ मध्ये मकरंद अनासपुरेंना घेऊन त्यावर सिनेमाही आला. शापित गंधर्व गाढव होऊन कुंभाराकडे राहतो आणि राजकन्येला मागणी घालतो. याच घराण्यातली गोष्ट १८१९ च्या ‘नवनाथ भक्तिसारा’त सुरोचन गंधर्वाची म्हणून आहे. आपण हसतो ते कुंभाराच्या बोलण्याला. राजकन्येला काय वाटतं हे वगात कोणी फारसं विचारत नाही, आणि पन्नासएक वर्षं प्रेक्षकांनीही विचारलं नाही.

विचारणाऱ्या बाईचं काय होतं, हे मात्र तंजावरच्या दरबारातल्या एका पुस्तकानं दाखवून दिलं. प्रतापसिंहराजांच्या (१७३९–१७६३) दरबारात मुद्दुपळनी नावाची विदुषी गणिका होती. तिनं तेलुगूत ‘राधिका सांत्वनम’ लिहिलं. राधेनं स्वतः वाढवलेली इळा ती कृष्णाला लग्नात देते, मग मत्सरानं जळते, आणि कृष्णाला तिची समजूत काढावी लागते. यात कोणी जनावर होत नाही. पण इच्छा व्यक्त करते ती बाई, आणि लिहितेही बाई, एवढ्यावर वाचकांची मतं शंभर वर्षं पेटत राहिली. ग्रंथाच्या सुरुवातीला मुद्दुपळनीनं आपल्या आजीची, आईची, आपल्या विद्वत्तेची ओळख अभिमानानं करून दिली होती. १८८७ च्या छापील प्रतीत ती ओळखच गाळली गेली. तेलुगू समाजसुधारणेचे अग्रणी कंदुकूरि वीरेशलिंगम यांनी पुस्तकाला अश्लील ठरवलं.

बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेनं अस्सल हस्तलिखित मिळवून १९१० मध्ये पूर्ण ग्रंथ संपादित केला, मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनानं तो छापला. प्रस्तावनेत त्यांनी वीरेशलिंगमांना सरळ विचारलं, की लाज हा काय फक्त बायकांचा दागिना आहे? पुरुष कवींनी याहून उघडं लिहिलं ते तुम्ही शिकवता, छापता. मग या एकाच पुस्तकावर डोळे का? यावर वादाचं उत्तर वादानं आलं नाही. तक्रारी गेल्या, सरकारनं प्रती जप्त केल्या आणि पुस्तकावर बंदी आणली. ती उठली १९४७ मध्ये, मद्रास प्रांताचे पंतप्रधान टंगुटूरि प्रकाशम यांच्या काळात.

नागरत्नम्मा मधल्या काळात तंजावरजवळच्या तिरुवैयारूत येऊन राहिल्या. तिथली संगीतकार त्यागराजांची समाधी पडझडीला आली होती. स्वतःच्या दागिन्यांतून आणि कमाईतून त्यांनी तिथे देऊळ बांधलं, १९२५ मध्ये ते पुरं झालं. आराधनेत बायकांना गायला मज्जाव होता, तो मोडायला त्यांनी बायकांची वेगळी आराधना सुरू केली. ‘राधिका सांत्वनम’ वाविळ्ळांनी पुन्हा छापलं १९५२ मध्ये. त्याच वर्षी नागरत्नम्मा वारल्या.

‘राधिका सांत्वनम’चं संध्या मूलचंदानी यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर पेंग्विननं २०११ मध्ये काढलं. ‘मणिमेकलै’ इंग्रजीत आलं ते अलां दानियेलू यांनी टी. व्ही. गोपाल अय्यर यांच्या मदतीनं केलेलं. पॉला रिचमन यांचा १९८८ चा अभ्यासग्रंथ त्यातल्या बायकांच्या कथांवरच आहे. आणि तमिळमध्ये आजही बसस्थानकावर स्वस्त कादंबऱ्या विकल्या जातात: रमणीचंद्रन यांच्या प्रेमकथा, इंदिरा सौंदरराजन यांच्या गूढकथा, आणि तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टैचं नाव लावणाऱ्या प्रभाकरांच्या खूनकथा. यातले दोन प्रकार एकत्र करून कोणी पूम्पुहारच्या किनाऱ्यावर रूप पालटणारी नायिका उभी केली, तर तिला आपली आजी शोधायला लांब जावं लागणार नाही.